टीम, चमू आणि जुळवाजुळव

पोकेमॉनच्या लढतीत उतरायला जे सहा जण जमवायचे, त्यांच्या समूहाला मराठीत नेमके काय म्हणावे? खेळणारी मुले 'टीम' म्हणून मोकळी होतात. वर्तमानपत्री मराठी 'संघ' किंवा 'चमू' म्हणेल. ज्यांच्या देशात हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी बाजारात आला ते जपानी खेळाडू 'पार्टी' म्हणतात, आणि ती रचण्याच्या कामाला 'कोचिकु'. हे शब्द वेगवेगळ्या घरांतून आलेले आहेत. प्रत्येकाच्या पोटात समूहाचे एकेक जुने चित्र दडलेले दिसते, आणि ती चित्रे शेजारीशेजारी मांडली की खेळाबद्दलही काही हाती लागते.

'टीम'पासून सुरुवात करू. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'तेआम' असा काहीसा उच्चारला जात असावा, आणि तेव्हा त्याचा सहकाऱ्यांच्या गटाशी संबंध नव्हता. त्याचा एक अर्थ संतती, पिल्लावळ, वंश. दुसरा, एका जुवाला जुंपलेली जनावरे. मूळ धातू ओढण्याचा, नेण्याचा असावा. लॅटिन 'दूकेरे' म्हणजे नेणे, आणि त्यातून आलेला 'ड्यूक', हे त्याचे भाऊबंद मानले जातात. एकत्र काम करणाऱ्या माणसांना हा शब्द सोळाव्या शतकाच्या सुमारास लागू झालेला दिसतो. पिल्लावळीचा अर्थ मात्र पुरता लोपला नाही. एखादी जागा जिवांनी बुजबुजणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद 'टीम' याच घरचे आहे. रोमन लिपीत दोघांचे स्पेलिंग वेगळे, देवनागरीत ते पुन्हा एक होतात.

पिल्लावळीचा हा अर्थ आपल्या खेळाला जितका चपखल बसतो तितका क्रिकेटच्या टीमलाही बसणार नाही. स्पर्धेची टीम बांधणाऱ्याचा कितीतरी वेळ अंडी उबवण्यात जात आला आहे. १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये अंडी आली आणि वंशशुद्धीचे वेड सुरू झाले. प्रत्येक पोकेमॉन सहा जन्मजात आकडे घेऊन येतो, प्रत्येक आकडा ० ते ३१ यांपैकी. ते मनाजोगे मिळेपर्यंत अंड्यामागून अंडे फोडत राहण्याला जपानीत 'गेनसेन' म्हणतात, म्हणजे कडक निवड. सर्वोच्च आकडा ३१, त्याला जपानी खेळाडू 'व्ही' म्हणतात, आणि सहाही आकडे पूर्ण असलेला तो 'सहा व्ही'. हे 'व्ही' कुठून आले असावे? शून्य ते नऊ अंक वापरून झाले, की दहासाठी ए, अकरासाठी बी असे मोजत जा. एकतिसाव्या जागी व्ही येते. संगणकातल्या बत्तीस-आधारी मोजणीचा हा शेवटचा अंक. त्याच हिशेबाने ३० ला 'यू' म्हणतात. अक्षरांना अंकांचे काम देण्याची हौस आपल्याला परकी नाही. आर्यभटाने 'क'पासून 'म'पर्यंतच्या व्यंजनांवर एक ते पंचवीस बसवले होते.

या वंशावळीत एका दोऱ्याचा मोठा हात आहे. इंग्रजीत त्याचे नाव 'डेस्टिनी नॉट', म्हणजे नियतीची गाठ. आईबापांपैकी एकाजवळ तो ठेवला, की दोघांच्या मिळून बारा आकड्यांपैकी पाच पिल्लात उतरतात. २०१३ च्या एक्स आणि वायपासून त्याला हे काम मिळाले. जपानी नाव मात्र 'आकाइ इतो', नुसता तांबडा दोरा. ज्यांचे लग्न व्हायचे त्यांना एक अदृश्य तांबडा दोरा आधीच बांधून ठेवतो, अशी पूर्व आशियातली जुनी समजूत आहे. चिनी कथेत तो पायांना बांधलेला, जपानी समजुतीत करंगळीला. इंग्रजी भाषांतरकाराने रंग सोडला आणि गाठ मारली. आपल्याकडे लग्नगाठी स्वर्गातच बांधलेल्या असल्यामुळे मराठी वाचकाला ती गाठ दोऱ्यापेक्षा लवकर कळावी.

आता 'पार्टी'. हा लॅटिन 'पार्स'चा वंशज; 'पार्स' म्हणजे भाग, वाटा. वाटून एका बाजूला आलेले लोक ती पार्टी. जपानीत शब्दाचे शेपूट तोडून नुसता 'पा' उरतो आणि समासाच्या अंती बसतो. 'ताबि-पा' म्हणजे प्रवासातली पार्टी, कथानक पार पाडताना सोबत घेतलेले सवंगडी. 'आमे-पा' म्हणजे पावसाच्या जोरावर लढणारी. प्रवासातल्या पार्टीत आवडते घेतले तरी चालते. स्पर्धेच्या पार्टीत प्रत्येकाला आपला वाटा दाखवावा लागतो.

वाट्यावरून २०१४ ची वॉशिंग्टन डी. सी. इथली जागतिक स्पर्धा आठवणे अपरिहार्य आहे. मास्टर्स गटात दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जिंकला. त्याच्या सहा जणांत एकीकडे गारचॉम्प, ज्याच्या जातीच्या सहा मूळ आकड्यांची (जन्मजात आकड्यांहून हे वेगळे) बेरीज ६००. आणि दुसरीकडे पाचिरिसू, बेरीज ४०५. पाचिरिसूचे नाव फोडायला सोपे आहे. 'पाचि-पाचि' हा ठिणग्यांच्या तडतडीचा ध्वनी, 'रिसु' म्हणजे खार. ही विजेची चिमुकली खार जगज्जेत्याच्या टीममध्ये कशाला होती? जोडीच्या लढतीत तिचे मुख्य काम शत्रूचे वार स्वतःवर ओढून घेण्याचे. त्या चालीचे इंग्रजी नाव 'फॉलो मी'. जपानी नाव 'कोनो युबि तोमारे', म्हणजे 'या बोटावर येऊन बसा'. खेळ मांडणारे मूल बोट वर करते आणि ज्यांना खेळायचे त्यांनी ते बोट धरायचे, त्या वेळची ही हाक. त्यात तिच्या अंगी विजेचा मारा पचवून तब्येत भरून काढण्याचा गुण. पाणी आणि उड्डाण अशा दुहेरी प्रकारामुळे विजेने चौपट होरपळणारा ग्याराडॉस शेजारी उभा असला, की त्याच्यावर सोडलेली वीज खारीकडे वळते आणि खारच उलट ताजीतवानी होते. 'पार्टी' म्हणजे वाटा, आणि सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या रामायणातल्या खारीचा वाटा तर मराठीत रोजच्या बोलण्यात आहे. आपण तो विनयाने 'अल्पसा' या अर्थी वापरतो. त्या कथेतला रामाने पाठीवरून बोट फिरवण्याचा भाग मनात ठेवला, तर वाटा छोटा असला तरी सेतूच्या हिशेबात मोजला गेला होता हे लक्षात येते.

'चमू' हा यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत गूढ. आज 'डॉक्टरांचा चमू' आणि 'डॉक्टरांची चमू' असे दोन्ही छापले जाते. संस्कृतात शब्द स्त्रीलिंगी आहे. गीतेच्या आरंभी दुर्योधन द्रोणांना पांडवांची जी सेना दाखवतो तिला हाच शब्द आहे. सैन्याच्या जुन्या कोष्टकात पत्ती, सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना अशी तिपटीतिपटीने चढत जाणारी पायरी चमूपाशी येते तेव्हा ७२९ हत्ती, तितकेच रथ, २१८७ घोडे आणि ३६४५ पायदळ भरते. सहा जणांसाठी शब्द जरा ऐसपैस झाला खरा. पण ऋग्वेदात चमू म्हणजे सैन्य नव्हे. तिथे ती सोमरसाचे पात्र आहे, आणि द्विवचनात आली की कधी द्यावापृथिवी, जणू जगाला झाकणारे दोन वाडगे. 'चम्' म्हणजे घोट घेणे, ज्यातून आचमन आणि चमस आले, त्याच धातूचे हे पात्र असावे. पात्राची सेना कशी झाली, किंवा हे मुळात दोन निरनिराळे शब्द आहेत का, यावर एकमत दिसत नाही. मला तरी दोन अर्धगोल मिटवून आत जीव ठेवणाऱ्या खेळातल्या त्या लाल-पांढऱ्या चेंडूकडे पाहिले की वैदिक चमू आठवते. व्युत्पत्ती म्हणून याला काडीचीही किंमत नाही, पण जोडी देखणी आहे.

त्या चेंडूची खरी व्युत्पत्ती त्याहून सुरस. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांच्या आरंभीच्या आराखड्यात खेळाचे नाव 'कॅप्सूल मॉन्स्टर्स' होते. लहानपणी किडे पकडण्याचा नाद असलेल्या माणसाची ही कल्पना. 'कॅप्सूल' म्हणजे लॅटिन 'काप्सा'ची, डबीची, लहान बहीण, आणि 'काप्सा' आली 'कापेरे'वरून, म्हणजे पकडणे. इंग्रजीत पकडण्याला जो शब्द, 'कॅच', तोही फ्रेंचच्या वाटेने याच 'कापेरे'पर्यंत पोचतो. म्हणजे पकडणे आणि पकडून ठेवायची डबी एकाच धातूची लेकरे. पुढे कॅप्सूल जाऊन 'पॉकेट' आला. तोही मुळात छोटी पिशवीच. आपला 'खिसा' फारसी-अरबी 'कीसा'वरून आलेला, आणि त्याचाही अर्थ थैली.

'मॉन्स्टर' लॅटिन 'मोन्स्त्रुम', म्हणजे अपशकुन, उत्पात. 'मोनेरे' म्हणजे बजावणे, सावध करणे, त्यावरून. हा 'मोनेरे' आपल्या 'मन्' धातूचा, मन आणि मती यांचा, दूरचा नातेवाईक: मनात आणून देणे. (इथे मराठी 'मनाई' हाक मारते, पण तिच्याकडे लक्ष देऊ नये; ती अरबी 'मनअ' म्हणजे रोखणे यावरून आली आहे.) पोकेमॉनच्या प्रकारांतल्या ड्रॅगनचीही अशीच गोष्ट. ग्रीक 'द्राकोन' हा पाहण्याच्या धातूवरून आला असावा, संस्कृत 'दृश्'चा सख्खा. रोखून पाहणारा तो ड्रॅगन. या रोखून पाहणाऱ्यांची सद्दी २०१३ मध्ये खेळात नव्याने येऊन ज्यांनी मोडली त्या 'फेअरी' लॅटिन 'फाता'वरून आल्या, बोललेले ते विधिलिखित या अर्थाच्या 'फातुम'शी जोडलेल्या. आपली 'परी' फारसी. अवेस्तातली 'पइरिका' ही दुष्ट मायाविनी होती. फारसीत येईपर्यंत तिचे रूप पालटून ती सुंदर झाली. फेअरी आणि परी कानाला जुळ्या बहिणी वाटतात, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

'टाइप' या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण टीमची सारी गणिते अठरा प्रकारांच्या तक्त्यावर चालतात. ग्रीक 'तुपोस' म्हणजे आघात, ठोक्याने उमटलेला ठसा. संस्कृतात इजा करणे या अर्थाचा 'तुम्प्' याच्या नात्यातला मानतात. प्रकार म्हणजे मुळात वार. आणि आपला 'संघ'? तोही 'सम्' अधिक 'हन्'. पाणिनीने गण या अर्थी संघ हे रूप साधण्यासाठी सूत्रच दिले आहे (३.३.८६). हन् म्हणजे मारणे, ठोकणे. एकत्र ठोकून घट्ट केलेले ते संघ. 'घन' हाही त्याच धातूचा. 'स्पर्धा' संस्कृत, वेदकालापासूनची. तिचा इंग्रजी पर्याय लॅटिन 'कोम्पेतेरे', एकाच गोष्टीवर मिळून झेपावणे, आणि त्यातला 'पेतेरे' म्हणजे आपला 'पत्'.

आकड्यांची जपानी परिभाषा मला विशेष आवडते. 'शुझोकुची' म्हणजे जातीचा आकडा, 'कोताइची' म्हणजे त्या एका जीवाचा, आणि 'दोर्योकुची' म्हणजे यत्नाचा. जाती, व्यक्ती, यत्न. दैव आणि पुरुषकार यांच्या जुन्या वादात हीच विभागणी आहे. इथे फक्त यत्नाला वरची मर्यादा घातली आहे, एका गुणात २५२ आणि एकूण ५१०.

यांच्यावर चौथा येतो स्वभाव. २००२ च्या रूबी आणि सफायरपासून पंचवीस स्वभाव आहेत. बहुतेक स्वभाव एक गुण दहा टक्के वाढवतात आणि दुसरा तितकाच घटवतात. गारचॉम्प घ्या. पन्नासाव्या पातळीवर, जन्मजात आकडे पूर्ण, हल्ला आणि वेग यांत यत्न पूर्ण. 'अ‍ॅडमंट' स्वभावाचा असेल तर हल्ला २००, वेग १५४. 'जॉली' असेल तर हल्ला १८२, वेग १६९. आता ज्यांच्या वेगाचा जातीचा आकडा १०० आहे असे अनेक जण मैदानात असतात. त्यांची पूर्ण ताणलेली धाव १६७ पर्यंत जाते. गारचॉम्पचा जातीचा आकडा १०२, आणि त्या दोनाच्या बळावर जॉली गारचॉम्प त्यांच्याआधी वार करतो. अ‍ॅडमंट गारचॉम्पला त्यांचा वार आधी सोसावा लागतो. अख्ख्या टीमचा बेत या एका शब्दावर फिरू शकतो.

'अ‍ॅडमंट' हा ग्रीक 'अदामास'. 'अ' नकाराचा, पुढचा भाग दमनाचा, असे परंपरेने मानतात. म्हणजे अक्षरशः 'अदम्य'. या अदम्य वस्तूचे नाव पुढे हिऱ्याला पडले, त्यातून 'डायमंड' झाला, आणि अरबी-फारसीत 'अल्मास'. जपानी स्वभावनाम आहे 'इजिप्पारि', हट्टी. त्यातले 'इजि' हे बौद्ध परिभाषेतल्या 'मनोभूमी'चे चिनी रूप असावे. 'हारि' म्हणजे ताणणे. मन ताणून धरणारा तो इजिप्पारि. संस्कृत मन कुठल्या वाटेने कुठे पोचते! 'टिमिड' म्हणजे भित्रा या स्वभावाच्या जागी जपानीत 'ओकुब्यो' आहे, आणि त्यातला 'ब्यो' म्हणजे रोग.

रोग म्हटला की औषध. आपण म्हणतो, स्वभावाला औषध नाही. २०१९ च्या सोर्ड आणि शील्डमध्ये ते निघाले, पुदिन्याच्या रूपात. (पुदिना हा फारसी, इंग्रजी 'मिंट' ग्रीक 'मिंथा'वरून.) तो खाऊ घातला की वाढ-घट बदलते. म्हण मात्र खोटी पडलेली नाही. नोंदीतले स्वभावाचे नाव जुनेच राहते, आणि स्वभाव पुढच्या पिढीत उतरवणारा दगड वापरला तर पिल्लाला तो मूळचाच स्वभाव मिळतो.

टीममधल्या कामांची नावे पाहू. सोसणाऱ्याला इंग्रजीत 'वॉल', लॅटिन 'वाल्लुम' म्हणजे खुंट रोवून केलेला तट. आपली 'भिंत' संस्कृत 'भित्ती', आणि ती 'भिद्' म्हणजे फोडणे यावरून! चिरलेल्या वेतांची, बांबूंची चटई, मग तिचा आडोसा, मग मातीचीही भिंत, असा प्रवास असावा. इंग्रजीत चावणे याला जो शब्द, 'बाइट', तो याच 'भिद्'चा भाऊ. म्हणजे भिंत आणि ती कुरतडणारा दात एकाच कुळातले. जपानीत भिंतीला 'उके', घेणारा, झेलणारा. ज्यूदोत ज्याच्यावर डाव टाकतात त्यालाही 'उके'च म्हणतात. सोसण्याचे हे मला सर्वांत सुंदर नाव वाटते, कारण त्यात सोसणारा जिवंत आहे.

आधी उतरणाऱ्या 'लीड'साठी मात्र मराठीला उसने घ्यायला नको. सैन्याच्या अग्रभागाला 'बिनी' म्हणत. फारसी 'बीनी' म्हणजे नाक, तेच हे असावे. क्रिकेटमुळे 'बिनीची जोडी' आजही जिवंत आहे, आणि जोडीच्या पोकेमॉन लढतीत सहांतून चार निवडून त्यांतले दोघे आधी उतरतात ती अगदी हीच. त्याच लष्करी कोठारात आणखी दोन शब्द आहेत. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार, अरबी 'सिलाह' म्हणजे शस्त्र यावरून. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे तो बारगीर. फारसी 'बार' आपला 'भार', 'गीर' आपल्या 'ग्रह्'च्या गोतातला. हल्ली संकेतांक टाकून दुसऱ्याची तयार टीम वापरता येते. असा खेळाडू बारगीर, आणि अंडी उबवून आपली टीम आणणारा शिलेदार. बारगिराला घोड्याची खोडी माहीत नसते, इतकेच.

कोणत्या पोकेमॉनची चलती आहे या परिस्थितीला इंग्रजीत 'मेटागेम', जपानीत 'कान्क्यो', म्हणजे पर्यावरण. मराठीत 'हवा' म्हणावे: सध्या अमक्याची हवा आहे. शब्द अरबी, वापर अस्सल देशी.

राहिले 'बांधणे'. इंग्रजी 'बिल्ड' राहत्या घराच्या शब्दावरून, आणि मुळाशी 'भू' धातू, म्हणजे आपल्या 'भवना'चा सोयरा. 'कोचिकु'च्या चिनी लिपीतल्या दोन अक्षरांत लाकडाची सांधेजोड आणि चोपून घट्ट केलेली माती आहे. मराठीत आपण संघ बांधतो. पण लग्नाच्या पत्रिकांपासून छापखान्यातल्या खिळ्यांपर्यंत, एकाला दुसरा शोभेल असे पाहून जवळ आणण्याला आपण 'जुळवणे' म्हणतो. 'जुळे' हा 'युगल'पासून, 'जू' हे 'युग'पासून, आणि दोन्ही 'युज्'चे. 'जुळणे' त्याच कुळातले असावे. 'टीम' म्हणजे जुंपलेली जोडी हे आधी आलेच आहे. तेव्हा 'टीम जुळवणे' या वरवर सरमिसळ वाटणाऱ्या प्रयोगात दोन्ही शब्द जुवाशीच येऊन भेटतात, आणि मला तोच सर्वांत नेमका वाटतो.

युज्चा एक वंशज तर खेळातच आहे. इंग्रजीत ज्याला मेडिटाइट म्हणतात त्याचे जपानी नाव 'आसानान', उघडच 'आसना'वरून. तो वाढून मेडिचॅम होतो. मेडिचॅमच्या हल्ल्याचा जातीचा आकडा अवघा ६०, पण अंगी एक गुण असा की लढतीत हल्ला दुपटीने मोजला जातो. इंग्रजीत त्या गुणाचे नाव 'प्युअर पॉवर' झाले आहे. जपानीत तो 'योगा पॉवर' आहे.